थेलेमाचे पहिले वर्ष : नव्या अभ्यासकासाठी सविस्तर मार्गदर्शन

थेलेमा या विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या पाश्चात्त्य गूढपंथाचा अभ्यास सुरू करायचा असेल, तर पहिली खरेदी वहीची करावी. टॅरो या चित्रपत्त्यांचा संच, धूप, मेणबत्त्या, कोरीव अंगठ्या हे सारे नंतर घेता येते, आणि अनेकांना ते कधीच घ्यावे लागत नाही. पण पक्क्या बांधणीची दोनशे पानी साधी वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. या परंपरेने स्वतःचे ब्रीद 'पद्धत विज्ञानाची, ध्येय धर्माचे' असे सांगितले आहे, आणि त्यातील विज्ञानाचा सगळा भार या वहीवर आहे. केलेला प्रयोग लिहून ठेवला नाही, तर सहा महिन्यांनी हाती उरतात त्या फक्त आठवणी, आणि आठवणी आपल्याला हव्या तशा वाकतात.

शब्द आणि त्यामागची घटना

'थेलेमा' हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ संकल्प असा आहे. फ्रेंच लेखक राबले याने १५३४ साली एका कथेत 'थेलेम' नावाचा मठ कल्पिला होता आणि 'तुला वाटेल ते कर' एवढा एकच नियम त्या मठाला दिला होता. या शब्दाला आजचा पंथाचा अर्थ मिळाला तो १९०४ साली, कैरोमध्ये. अलेस्टर क्रौली हा अठ्ठावीस वर्षांचा इंग्रज पत्नी रोझ हिच्यासह तेथे राहत होता. त्याच्या सांगण्यानुसार, इजिप्तच्या देवतांविषयी काहीही माहिती नसलेल्या रोझने त्याला संग्रहालयात नेले आणि एका रंगीत लाकडी मृत्युफलकासमोर उभे केले. त्या फलकाचा नोंदणी क्रमांक ६६६ होता. त्यानंतर ८, ९ आणि १० एप्रिल या तीन दिवशी दुपारी बारा ते एक या वेळेत ऐवास नावाच्या अदृश्य वक्त्याने सांगितलेला मजकूर त्याने उतरवून घेतला. तेच थेलेमाचे मूळ पुस्तक, 'द बुक ऑफ द लॉ'. त्यात तीन प्रकरणे आणि २२० वचने आहेत, आणि प्रकरणांचे वक्ते अनुक्रमे नुइत, हादित आणि रा-हूर-खुइत या देवता आहेत.

ऐवास खरोखर कोणी होता की क्रौलीच्याच मनाचा तो एक भाग होता, याचा निर्णय पहिल्या वर्षी करण्याची गरज नाही. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या एका साधनापुस्तिकेत क्रौलीनेच बजावले आहे की देवता, लोक, आत्मे या गोष्टी असतील किंवा नसतील. अमुक कृती केली की अमुक परिणाम होतो, एवढेच अभ्यासकाने पाहावे आणि त्यावरून त्या गोष्टींना वास्तव मानण्याची घाई करू नये. वहीच्या पहिल्या पानावर हे आपल्या शब्दांत लिहून ठेवावे, असे मी आग्रहाने सांगतो, कारण भाबडेपणापासून वाचण्याचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

वहीतील पहिली नोंद म्हणून एक छोटी बेरीज करावी. ग्रीक अक्षरांना अंकमूल्ये असतात, जशी आपल्याकडे कटपयादी पद्धतीत असतात. 'थेलेमा' या शब्दातील थीटा ९, एप्सिलॉन ५, लॅम्डा ३०, ईटा ८, म्यू ४० आणि अल्फा १, म्हणजे एकूण ९३. प्रेम या अर्थाच्या 'अगापे' या शब्दातील अल्फा १, गॅमा ३, पुन्हा अल्फा १, पाय ८० आणि ईटा ८, म्हणजे तेही ९३. थेलेमाचे अनुयायी पत्राच्या आरंभी आणि शेवटी नुसते '९३' लिहितात, त्याचे कारण हेच आहे: संकल्प आणि प्रेम यांचे मोल सारखे आहे, असे त्यांना म्हणायचे असते.

इच्छा आणि संकल्प

या पंथाचे सर्वांत प्रसिद्ध वचन 'जो तुझा संकल्प असेल ते कर, हाच संपूर्ण नियम' असे आहे, आणि त्याच्या जोडीला 'प्रेम हा नियम, संकल्पाच्या अधीन असलेले प्रेम' हे दुसरे वचन येते. पहिल्या वचनाचा अर्थ 'मनाला येईल ते करा' असा घेणे ही नवोदितांची सर्वांत मोठी चूक ठरते. इंग्रजीत येथे गोंधळ होतो, कारण एकच शब्द अनेक छटा वाहतो. मराठीत लहर, हौस, हट्ट, वासना, इच्छा आणि संकल्प हे वेगवेगळे शब्द आपण रोज वापरतो, त्यामुळे मराठी माणसाला हा भेद समजायला सोपा आहे. पूजेच्या आरंभी हातात पाणी घेऊन संकल्प सोडताना आपण स्थळ, काळ, स्वतःचे नाव आणि हेतू सांगतो. म्हणजे मी कोण, कोठे आणि कशासाठी हे करतो आहे, हे उच्चारतो. थेलेमातील 'खरा संकल्प' आयुष्याला हाच प्रश्न विचारतो. मूळ पुस्तकात प्रत्येक स्त्री आणि प्रत्येक पुरुष हा एक तारा आहे असे म्हटले आहे, आणि ताऱ्याला जशी स्वतःची कक्षा असते तशी प्रत्येकाची एक वाट असते, असे त्यावरून समजले जाते. त्याच पुस्तकात आपला संकल्प पार पाडण्यापलीकडे तुला कोणताही हक्क नाही असेही बजावले आहे. ते वचन पहिल्या वचनाइतकेच ठळकपणे लिहून ठेवावे.

हे समजून घेण्याचा सर्वांत साधा सराव जेवणाच्या वेळी होतो. थेलेमाच्या अनुयायांमध्ये जेवणापूर्वी एक छोटा संवाद म्हणण्याची रीत आहे: तुझा संकल्प काय, तर खाणे आणि पिणे, ते कशासाठी, तर देहाला बळ मिळावे म्हणून, आणि ते कशासाठी, तर महत्कार्य, म्हणजे साधनेचे अंतिम ध्येय, सिद्धीस जावे म्हणून. 'वदनि कवळ घेता' म्हणून जेवायला बसलेल्या घरांत वाढलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही. दोन आठवडे प्रत्येक जेवणाआधी हे मनात म्हणावे आणि कितीदा विसरलो ते रात्री वहीत लिहावे.

क्रौलीविषयी डोळे उघडे ठेवून

हा माणूस टाळून थेलेमा शिकता येत नाही आणि त्याची भक्ती करूनही शिकता येत नाही. तो १८७५ साली एका कडव्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मला, केंब्रिजला शिकला, आणि १८९८ साली लंडनच्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्या मंडळात दाखल झाला. हे मंडळ १८८८ साली स्थापन झाले होते आणि आज पाश्चात्त्य गूढविद्या म्हणून जे शिकवले जाते, त्यातील बराच मोठा भाग त्याच्या अभ्यासक्रमातून आला आहे. क्रौली हुशार होता, कष्टाळू होता, उत्तम गिर्यारोहक होता. त्याचबरोबर तो माणसांशी निर्दयपणे वागणारा होता आणि त्याच्या लेखनात वंशद्वेषाची व स्त्रीद्वेषाची वाक्ये जागोजागी आढळतात. १९०५ साली कांचनगंगा मोहिमेत हिमकडा कोसळून एक स्विस गिर्यारोहक आणि तीन हमाल मरण पावले, तेव्हा मदतीच्या हाका ऐकूनही तो तंबूत थांबला. सिसिलीतील चेफालू येथे १९२० साली त्याने मठ स्थापला. तेथे १९२३ साली एक तरुण शिष्य आजाराने मरण पावला आणि त्यानंतर मुसोलिनीच्या सरकारने त्याला देशाबाहेर घालवले. पुढे अनेक वर्षे त्याला हेरॉइनचे व्यसन होते. १९४७ साली हेस्टिंग्ज येथे त्याचे निधन झाले.

हे सारे आधी माहीत असलेले बरे. त्याने सुचवलेले सराव त्याच्या चारित्र्यामुळे खरे किंवा खोटे ठरत नाहीत. ते तुमच्या वहीत खरे किंवा खोटे ठरतील. मादक द्रव्यांविषयी त्याने लिहिलेले मात्र अनुकरणासाठी वाचू नये.

वही कशी लिहावी

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, प्रकृती, मनःस्थिती, केलेली कृती, तिचा कालावधी आणि परिणाम या क्रमाने लिहावे. मत सर्वांत शेवटी, आणि ते मत आहे हे कळेल अशा रीतीने. 'आज ध्यान छान झाले' या वाक्याचा वर्षभरानंतर काहीही उपयोग होत नाही. त्याऐवजी माझ्या जुन्या वहीतील ही नोंद पाहा: 'पहाटे ५.४०, गच्चीची खोली, थोडी सर्दी. वज्रासन १८ मिनिटे. अकराव्या मिनिटाला डावा घोटा बधिर. लक्ष २३ वेळा सुटले, त्यांपैकी ९ वेळा कार्यालयातील कामाकडे. शेवटी दोन मिनिटे श्वास आपोआप मंद.' यात गूढ असे काही नाही, पण पुढच्या महिन्यातील नोंदीशी ती ताडून पाहता येते. ज्या दिवशी काहीच केले नाही, त्या दिवशी 'काही केले नाही' एवढे तरी लिहावे. माझ्या पहिल्या वहीत अशा दिवसांची पाने मी कोरी सोडली होती, आणि सराव कशामुळे तुटत होता हे मला त्यामुळे कधीच कळले नाही.

आसन, श्वास आणि धारणा

येथे मराठी अभ्यासकाच्या पायाखालची जमीन ओळखीची आहे. क्रौली १९०१ साली श्रीलंकेत कँडी येथे आपला मित्र ॲलन बेनेट याच्याकडून योग शिकला. हाच बेनेट पुढे ब्रह्मदेशात बौद्ध भिक्खू झाला. क्रौलीच्या प्राथमिक साधनापुस्तिकेत आसन, प्राणायाम, धारणा हे शब्द संस्कृतातच आहेत. त्याआधीपासूनही ही देवाणघेवाण चालू होती. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक १८७९ साली मुंबईत उतरले, त्याच वर्षी त्यांचे मासिक मुंबईतून निघू लागले, आणि पुढल्या दशकात भारतीय संज्ञा लंडनच्या गूढविद्या मंडळांत रुळल्या. म्हणूनच गोल्डन डॉनच्या सरावात पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा लाल त्रिकोण, वायूचे निळे वर्तुळ आणि आकाशाचा काळसर अंडाकार ही पंचतत्त्वांची चिन्हे भेटतात. यातून 'हे तर सगळे आपलेच आहे' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा. शब्द तेच असले तरी त्यांची मांडणी, क्रम आणि हेतू तेथे वेगळे आहेत; ओळख पटली की माणूस नीट वाचणे थांबवतो, हा आपल्यासाठी खरा धोका आहे.

आसनासाठी कोणतीही एक बैठक निवडावी आणि तीन महिने ती बदलू नये. दहा मिनिटांपासून सुरुवात करून आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. क्रौलीने ठेवलेली कसोटी कठीण आहे: काठोकाठ पाण्याने भरलेली बशी डोक्यावर ठेवून तासभर बसायचे आणि एक थेंबही सांडू द्यायचा नाही. पहिल्या वर्षी ही कसोटी बहुतेकांना साधत नाही. तरीही महिन्यातून एकदा, स्टीलची बशी घेऊन आणि खाली जुना टॉवेल अंथरून, ती करून पाहावी. पहिला थेंब मानेवर पडतो तेव्हा आपण स्थिर बसलो आहोत ही समजूत तिथेच संपते, आणि तो थेंब कितव्या मिनिटाला पडला ही वहीसाठी उत्तम नोंद असते.

धारणेसाठी लाल त्रिकोणापासून आरंभ करावा. पुठ्ठ्यावर चिन्ह कापून चिकटवावे, मिनिटभर पाहावे, डोळे मिटून ते मनात धरावे आणि लक्ष सुटले की बोट दुमडून मोजावे. सुरुवातीला पहिल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात आकडा वाढलेला दिसतो. तो बहुधा लक्ष सुटल्याचे भान वाढल्यामुळे वाढतो, म्हणून निराश होऊ नये. श्वास रोखण्याचे प्रकार जाणत्या शिक्षकाशिवाय करू नयेत. रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार किंवा मानसिक आजार यांपैकी काही असल्यास कोणताही सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.

सूर्याच्या चार वेळा

दुसऱ्या महिन्यापासून सूर्यवंदना सुरू करावी. सूर्योदयाला पूर्वेकडे तोंड करून रा, मध्यान्ही दक्षिणेकडे आहाथूर, सूर्यास्ताला पश्चिमेकडे तुम आणि मध्यरात्री उत्तरेकडे खेप्रा या नावांनी सूर्याला वंदन करायचे असते. नोकरी करणाऱ्याची दुपारची वेळ हमखास चुकते. कचेरीच्या जिन्यात अर्धा मिनिट उभे राहून मनातल्या मनात केले तरी चालते. मध्यरात्रीसाठी झोप मोडू नये, निजण्यापूर्वी करावे.

पंचकोनी ताऱ्याचा विधी

तिसऱ्या महिन्यात हा विधी घ्यावा आणि वर्षभर सोडू नये, कारण गोल्डन डॉनने नव्या सभासदाला दिलेला हा पहिला विधी होता आणि पुढच्या बहुतेक विधींची रचना त्यावर उभी आहे. मोबाइलमधील होकायंत्राने पूर्व निश्चित करावी. एका खोलीच्या घरात राहत असाल तर पलंग आणि टेबल यांच्यामध्ये दोन हात पसरतील एवढी जागा पुरते, आणि आवाज ओठांतच ठेवावा लागला तरी हरकत नाही.

पूर्वेकडे तोंड करून उजव्या हाताने कपाळाला स्पर्श करत 'आते', छातीला 'माल्कुथ', उजव्या खांद्याला 'वे-गेबुरा', डाव्या खांद्याला 'वे-गेदुला' म्हणावे आणि छातीवर हात जोडून 'ले-ओलाम, आमेन' म्हणावे. हे हिब्रू शब्द असून राज्य, सामर्थ्य आणि वैभव सर्वकाळ तुझेच, असा त्यांचा भाव आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचा शेवट ज्यांना पाठ आहे, त्यांना तो लगेच ओळखू येईल. त्यानंतर हात लांब करून हवेत तारा काढावा: डाव्या कमरेपासून सुरुवात, तेथून कपाळाच्या वर, मग उजव्या कमरेकडे, मग डाव्या खांद्याकडे, आडवे उजव्या खांद्यापर्यंत आणि परत डाव्या कमरेशी. ताऱ्याच्या मध्यावर बोट रोखून पूर्वेला 'योद-हे-वाव-हे' हे नाम लांबवून म्हणावे. बोट न खाली आणता प्रदक्षिणेच्या दिशेने वळावे आणि दक्षिणेला 'अदोनाइ', पश्चिमेला 'एहिये', उत्तरेला 'आग्ला' या नामांनी तसेच तारे काढत पूर्वेला परत यावे. मग हात पसरून पुढे राफाएल, मागे गाब्रिएल, उजवीकडे मिखाएल आणि डावीकडे उरिएल या देवदूतांची कल्पना करावी आणि आरंभीच्या स्पर्शांनी समाप्ती करावी.

पहिले तीन आठवडे सगळे लक्ष 'कोणती रेघ कोठे' यातच जाते. ते तसेच जाऊ द्यावे. कृती हाताला सवयीची झाल्यावरच कल्पनेला वाव मिळतो. यातील नामे यहुदी धर्मात आजही पवित्र मानली जातात, ती हौसेने मित्रांसमोर करून दाखवण्याची गोष्ट नाही.

जीवनवृक्ष, टॅरो आणि जिभेचा लगाम

कबाला या यहुदी गूढपरंपरेतील जीवनवृक्षाची आकृती छापील चित्रावरून शिकू नये. कंपासने दहा वर्तुळे स्वतः काढावीत, केथर, होखमा, बिना, हेसेद, गेबुरा, तिफेरेत, नेत्साह, होद, येसोद, माल्कुथ ही नावे घालावीत आणि त्यांना जोडणाऱ्या बावीस वाटांवर हिब्रूची बावीस अक्षरे लिहावीत. टॅरोची बावीस मोठी पाने याच वाटांवर बसवलेली आहेत. ही मांडणी यहुदी कबालापेक्षा वेगळी वाढलेली आहे, हे ध्यानात असावे. टॅरोसाठी एकच संच धरावा. १९०९ साली आलेल्या, पामेला कोलमन स्मिथ यांनी रंगवलेल्या संचात आठवे पान बळाचे आणि अकरावे न्यायाचे आहे, तर क्रौलीसाठी लेडी फ्रीडा हॅरिस यांनी रंगवलेल्या संचात ही जोडी उलट आहे. दोन्ही एकदम शिकणारा हमखास गोंधळतो.

वाणीवर ताबा मिळवण्यासाठी क्रौलीने आठवडाभर एखादा नेहमीचा शब्द न उच्चारण्याचा सराव दिला आहे, आणि चुकल्यास हातावर वस्तऱ्याने ओरखडा काढण्यास सांगितले आहे. ओरखडा मुळीच काढू नये. मनगटावरचे रबर ओढून सोडले तरी तेवढेच भान येते. 'मी' हा शब्द टाळण्याचा त्याचा प्रकार मराठीत जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, कारण 'जातो', 'आलेच' एवढे म्हटले तरी आपला 'मी' क्रियापदात लपून राहतो. म्हणून मराठीत 'मी', 'मला' आणि 'माझे' या तिन्ही रूपांबरोबर स्वतःविषयीची विधानेच टाळावीत. एका दिवसात हे किती कठीण जाते, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वाचन, मंडळे आणि पैसा

मूळ पुस्तक एकदा संथपणे वाचावे. त्याच्या शेवटी १९२५ सालचे एक छोटे टिपण आहे: त्यात पुस्तकाचा अभ्यास निषिद्ध ठरवला आहे, वाचल्यावर प्रत नष्ट करणे शहाणपणाचे म्हटले आहे, आणि अर्थाचा निर्णय ज्याने त्याने स्वतःच क्रौलीच्या लेखनाच्या आधारे करावा असे सांगितले आहे. नवे वाचक याने बिचकतात; व्यवहारात बहुतेक अनुयायी त्याचा अर्थ 'दुसऱ्यावर आपला अर्थ लादू नये' असाच घेतात. त्यानंतर क्रौलीची योगावरील १९३९ सालची आठ व्याख्याने वाचावीत, कारण ती त्याच्या इतर लेखनापेक्षा पुष्कळ सुबोध आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे क्रौलीच्या हयातीत छापलेले लेखन येथे मुक्त आहे आणि महागड्या आवृत्त्या घेण्याची सक्ती नाही.

क्रौलीने १९०७ साली जॉर्ज सेसिल जोन्स यांच्यासह ए∴ए∴ हे मंडळ स्थापले. त्यात एक शिक्षक आणि एक शिष्य एवढाच संबंध असतो आणि शिकवण्याचे पैसे घेणे वर्ज्य मानले जाते. ओ. टी. ओ. हे सभासदत्व, वर्गणी आणि टप्प्याटप्प्याच्या दीक्षा असलेले मंडळ आहे. पहिल्या वर्षी कोठेही दाखल होण्याची घाई करू नये. कोणी शिष्यत्वाच्या नावाखाली मोठी रक्कम, शारीरिक जवळीक किंवा घरच्यांपासून तुटणे मागत असेल, तर तेथून तत्काळ निघावे. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही वाचावा. तो एकट्याने केलेल्या ध्यानाच्या आड येत नाही. पण अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणे, घाबरवणे किंवा इजा करणे त्याच्या कक्षेत येते. त्यामुळे इतरांसाठी तोडगे, उतारे किंवा पैसे घेऊन विधी करण्याच्या वाटेला अभ्यासकाने जाऊच नये.

वर्ष पूर्ण झाले की एक सुट्टीचा दिवस राखून वही पहिल्या पानापासून वाचावी. ए∴ए∴मध्येही उमेदवाराकडून आधी वर्षभराची नोंदच मागितली जाते. हातात दोन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात: प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींखाली एका रंगाने आणि मागाहून लावलेल्या अर्थांखाली दुसऱ्या रंगाने रेघ मारावी. जी कृती वर्षभर कोणीही न सांगता टिकली, जी दर वेळी बळजबरीने करावी लागली आणि जी पाचव्या आठवड्यात निमूटपणे गळून पडली, त्यांच्या तीन याद्या वहीच्या शेवटच्या पानावर कराव्यात, आणि दुसऱ्या वहीचे पहिले पान त्या याद्यांवरून लिहावे.